गुळाच्या वखारीवरचे काटे

ता. १ मार्च १९३७, बारामती

भिंत मिळाली. घरी पोचून कोट न काढताच लिहायला बसलो आहे.

स्टेशनकडच्या रस्त्यावर ज्यांनी नवे घड्याळाचे दुकान काढले ते मोहनराव. त्यांनी आज बोलावून घेतले. इंदापूरच्या अलीकडे आबासाहेबांची गुळाची वखार आहे. तिची रस्त्याकडची सबंध भिंत मोहनरावांनी भाड्याने घेतली आहे आणि तिच्यावर घड्याळाची जाहिरात मी काढायची आहे. मी, कुंडलिक पेंटर. आजवर मी काढले काय, तर बैलगाड्यांवर मोर, तमाशाच्या कनातीवर राजवाडा आणि एका हॉटेलवाल्याच्या पाटीवर कपबशी. तिला लोक अजून कासव म्हणतात.

मोहनरावांनी अट घातली आहे. पाडव्यापर्यंत भिंतीचा गुण गिऱ्हाइकीत दिसला तर बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या साऱ्या भिंती माझ्या. नाही दिसला तर मुंबईहून जाहिरातीचे छापील टिनाचे पत्रे मागवणार. मग मला सासऱ्यांनी बघून ठेवलेली जागा धरावी लागेल, साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोजायची. ड्रॉइंगची इंटरमीजिएट परीक्षा पास झालेला माणूस दिवसभर ऊस मोजत बसणार.

बायकोला, कौसल्येला, सांगितले. "बरं झालं," म्हणाली. "फक्त कासव काढू नका."

ता. ३ मार्च

आज दुकानात दिवसभर काट्यांवरून खल झाला.

मोहनरावांकडे मुंबईचा कॅटलॉग आहे, गुळगुळीत कागदाचा. त्यातल्या एकूण एक घड्याळात आठ वाजून वीस मिनिटे झाली आहेत. मोहनराव म्हणाले, "विलायतेत असंच काढतात. काटे खाली राहिले की वर कंपनीचं नाव मोकळं दिसतं. माझं नाव दिसलं पाहिजे, पेंटर. बाकी तुम्ही काय वाटेल ते करा."

मी चित्र लांब धरून त्यांना दाखवले. म्हटले, "नीट बघा. दोन्ही काटे खाली लोंबताहेत. घरात काही वाईट घडल्यावर माणसाच्या मिशा असतात, तसं दिसतंय. असल्या तोंडाचं घड्याळ पाडव्याला कोण घेईल?" मग खडूने फळीवर दहा वाजून दहा मिनिटे काढली. काटे दोन्हीकडे वर उचललेले आणि मधोमध, बाराच्या खाली, मोहनरावांचे नाव. मिशीवर ताव दिलेला उमदा गडी जसा. मोहनरावांच्या स्वतःच्या मिशा जाड आहेत. त्यांनी फळीकडे बघितले, नकळत मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "हेच काढा."

तबकडीवर नाव टाकायचे ते "मोहनराव अँड सन्स". त्यांना तिन्ही मुलीच आहेत. पण मुंबईच्या पाट्यांवर असेच असते म्हणतात.

घरी येऊन कौसल्येला सगळे रंगवून सांगितले. तिने भाकरी थापता थापता विचारले, "पण दहा वाजून दहा मिनिटांनी असतं काय?" मी म्हटले, काही नसते, चित्र आहे ते. "घड्याळ एवढं मोठं काढायचं आणि वेळ कशाचीच नाही?" चित्रातली मांडणी बायकांना समजावणे अवघड.

ता. ७ मार्च, इंदापूर रस्ता

आबासाहेबांच्या वखारीतच मुक्काम आहे. अंगाला, पांघरुणाला, सगळ्याला गुळाचा वास येतो. भिंत मात्र काय सुरेख. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कालव्याची चारी आणि चारीचे लोखंडी दार. त्या दारातून गावच्या रानांना पाणी सुटते, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ माणसांचा राबता असतो. जाहिरातीला याहून बरी जागा शोधून सापडणार नाही.

मोहनराव मोटारीने येऊन गेले. त्यांना घड्याळाच्या एका बाजूला लक्ष्मी हवी होती, दुसऱ्या बाजूला खुर्चीत बसलेली मडम आणि खाली जमले तर हत्ती. मी साफ नाही म्हटले. गर्द निळी जमीन, तिच्यावर पांढरीशुभ्र तबकडी, काळे काटे, आणि चहूकडे काही नाही. "काहीच नाही?" ते म्हणाले. "मी रिकाम्या भिंतीचंही भाडं देतोय, पेंटर." मी त्यांना लांब, पार वडापर्यंत नेले आणि विचारले, इथून हत्ती दिसेल की घड्याळ? त्यांनी कपाळावर हात धरून बघितले. शेवटी बिनहत्तीचे ठरले. आकड्यांवरूनही मीच जिंकलो. कॅटलॉगात रोमन आहेत. मी आपले मराठी घालणार, म्हणजे शाळेची पायरी चढलेल्या कुणालाही वाचता येतील.

आज मधोमध खिळा ठोकून सुतळीने वर्तुळ मारले. एका दमात, कुठे हिसका नाही. परांचीवरून उतरून स्वतःच बघत बसलो.

ता. ११ मार्च

झाले. सकाळी शेवटचा हात दिला आणि परांची सोडली. खाली वीसपंचवीस माणसे उभी होती. सगळ्यांच्या माना वर, नजर काट्यांवर. तमाशाच्या कनातीकडे असे कुणी कधी बघितले नव्हते.

मग एका म्हाताऱ्याने हळूच विचारले, "ही येळ आजच्यापुरतीच, का रोजची?"

काय प्रश्न आहे. मी म्हटले, "कायमची. अळशीचं तेल घातलंय, पावसानंही जायची नाही."

"सायबांनीच ठरवली म्हना की."

"साहेबांनीच," मी म्हणालो. मोहनरावांना कुणी साहेब म्हटलेले त्यांना आवडेल. "आधी आठ-वीस म्हणत होते. मी दहा-दहावर आणलं."

यावर सगळ्यांनी माझ्याकडे फार आदराने बघितले. एकाने तर डोक्यावरचे मुंडासे सारखे केले. भिमा पाटकरी, म्हणजे कालव्याचे दार उघडणारा, रस्त्यापलीकडून टक लावून बघत होता. त्याचा चेहरा मात्र उतरला होता. कलेपुढे माणसाचे असे होते कधी कधी.

ता. १५ मार्च

आज मुद्दाम पुन्हा इंदापूर रस्त्याला गेलो. बघितले ते लिहून ठेवलेच पाहिजे, नाहीतर उद्या मलाच खोटे वाटेल.

माझ्या चित्रासमोर ओळीने माणसे बसली होती. बाया, बापे, सगळे रानातून थेट आलेले, फावडी अजून हातात. नऊपासून बसलेत म्हणे. मधूनमधून कुणीतरी वखारीच्या दारात जाऊन आबासाहेबांना विचारी, "किती वाजलं?" गावात घड्याळ तेवढ्या एकाच घरी. आबासाहेब कोटाच्या खिशातून घड्याळ काढून काढून वैतागले होते. दहा वाजून गेल्यावर त्यांनी ते घड्याळच हातात धरून बाहेर येऊन उभे राहणे पसंत केले. जरा वेळाने ते म्हणाले, "झालं." सगळे एकदम उठले. एकदा भिंतीकडे बघितले, एकदा आबासाहेबांच्या घड्याळाकडे. काटे जुळले याचे समाधान तोंडांवर मला स्पष्ट दिसले. तेवढ्यात भिमाने चारीचे दार उघडले आणि मंडळी आपापल्या कामाला पांगली.

म्हणजे माणसे कामाला जाण्याआधी डोळे भरून चित्र बघतात. तेही वेळ ठरवून, खऱ्या घड्याळाशी ताडून. मुंबईच्या कुठल्या चित्रकाराला असा प्रेक्षक मिळाला असेल? परतताना सर्व्हिस मोटारीत मी शेजारच्या माणसाला तीनदा सांगितले की ते चित्र माझे आहे.

ता. १६ मार्च

पाठ दुखते. सासऱ्यांचा निरोप, कारखान्यातली जागा पाडव्यापर्यंतच धरून ठेवतील. मी हसलो.

ता. २२ मार्च

आता हसू येत नाही.

बारामतीच्या बाजारात वांगी घेऊन आलेली एक बाई विचारत विचारत घरी आली. फुलाबाई नाव. तिचे रान चारीच्या पार शेवटच्या टोकाला, वांगी आणि मिरची. कौसल्येने पाणी दिले. बाई पाणी प्यायली आणि हात जोडून मला म्हणाली, "पेंटरदादा, तेवढी येळ बदला."

मी विचारले, कुठली वेळ?

"भिंतीवरची. पान्याची. आदी भिमा कवाबी दार उघडायचा, त्याच्या मनाला यील तवा. वरच्या रानाची मान्सं तितंच टपून बसायची. आमी पोचंस्तवर पानी जिरलेलं. तुमी येळ लिवली तवापास्नं समदी एकटायमी हजर असत्यात. कुनाला चोरून घेता येत न्हाय. औंदा पैल्यांदा माझ्या रानात पानी आलं बगा." आणि मग तिने डोळ्याला पदर लावला. "पर दहाला ऊन तापतंय. मुळाशी पानी पडलं की रोपं उकडून माना टाकत्यात. तांबडं फुटताना सोडलं तर जगतील. सायबाला सांगून तेवढं सहाचं करा."

मी म्हटले, अहो, ती घड्याळाच्या दुकानाची जाहिरात आहे. तिने मान डोलावली. ऐकले असावे, पण पटले नसावे. "भिमाला बी इचारलं. त्यो म्हनतो, भिंतीवरचं मोडायचा मला हुकूम न्हाय."

ती गेली. कौसल्या पदर तोंडाला लावून आत गेली, आणि आतून तिचे हसणे किती तरी वेळ ऐकू येत होते. मला रडायला येत होते. एक माणूस चित्र बघायला आला नव्हता. एकसुद्धा. निळा रंग कुणी बघितला नाही, वर्तुळ कुणी बघितले नाही. आदराने बघत होते ते मी पाण्याचा साहेब म्हणून. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ता. २३ मार्च

रात्र तशीच गेली. पण सकाळी दात घासताना ध्यानात आले की बाईची वांगी खरीच सुकताहेत, आणि माझा मान गेला म्हणून ती सुकायची थांबणार नाहीत.

कागद घेऊन बसलो. सहा वाजता मोठा काटा सरळ वर, बारावर. म्हणजे बरोबर मोहनरावांच्या नावावर. लहान काटा सरळ खाली. तबकडीच्या मधून उभी काळी पट्टी. जाहिरातीला याच्याइतकी वाईट वेळ दिवसभरात दुसरी नाही. नाव खाली घेतले तर लहान काट्याखाली जाते. दोन भाग करून काट्याच्या दोन्ही बाजूंना टाकले, तर तेवढे बरे दिसते.

तो कागद दुकानात नेऊन दाखवला, सगळी हकीकतही सांगितली. मोहनराव हसले नाहीत. "मला मधोमध चिरता काय?" म्हणाले. "पेंटर, लोक पाणी बघायला जमतात, घड्याळ घ्यायला नाही. बारा दिवस झाले, त्या बाजूचं एक गिऱ्हाईक दुकानात चढलेलं नाही. निदान नाव तरी वाचतात. पाडव्यापर्यंत भिंतीला कुंचला लावायचा नाही. लावलात तर उरलेल्या भिंती विसरा."

ता. २७ मार्च, धुळवड

भिंतीवर कुणी चिखल मारेल या भीतीने पहाटेच इंदापूर रस्ता गाठला. तिथे आधीच चार बाप्ये काठ्या घेऊन भिंतीची राखण करत बसले होते. गावभर चिखलाने माखलेली माणसे, पण वखारीजवळून जाताना हात मागे. मला बघून सगळे उभे राहिले. मला कसेसेच झाले.

भिमाला बाजूला घेतले. शपथेवर सांगितले की ही जाहिरात आहे, सरकारचा आणि हिचा संबंध नाही, तू आपला सहाला दार उघडत जा.

भिमा म्हणाला, "पेंटरसायब, मला येडा समजू नगा. जाहिरातीत बाई असती. न्हायतर देव असतो. हितं बाई न्हाय, देव न्हाय, हत्ती न्हाय, नुसती येळ. ह्ये सरकारी न्हाय तर काय?"

म्हणजे मी भांडून मिळवलेल्या रिकाम्या जागेने हे केले. माझ्याच मांडणीने. जरा अभिमानही वाटला, खोटे का बोलू.

"आन समजा नसलं सरकारी," तो हळूच म्हणाला, "तर मग मी माझ्या मनानं कवाबी उघडंन. मला कशाला बांधून घेऊ?" गावाला खरे पटवून दिले तर फुलाबाईचे पाणी गेले. नाही पटवले तर तिचे रान उन्हात उकडणार. त्या भिंतीशी तोंडाने बोलून काही होणार नव्हते.

चारीच्या कडेने तिच्या रानापर्यंत चालत गेलो. खालची दोन वाफे मिरची उभ्याउभी करपली आहे. फुलाबाईने रानातून तोडून मला चार वांगी दिली.

ता. ४ एप्रिल

आठ दिवस नुसत्या येरझारा. कौसल्येला म्हटले, कुंचला लावला तर सगळ्या भिंती जाणार, आयुष्यभर ऊस मोजावा लागणार. ती म्हणाली, "मग मोजा. आमचे बाबा मोजतातच की." भाकरी उलटून म्हणाली, "पण तुम्ही मोजायला लागलात की घरी येऊन एवढं बोलणार नाही. ते मला नको." लग्नाला चार वर्षे झाली, असे काही ती कधी बोलली नव्हती. मग ती म्हणाली, "नाव झाकलं जाईल ते त्यांचं. तुमचं तिथं कधी होतं?"

काळा रंग घोटला. उद्या जातो.

ता. ५ एप्रिल

केले.

भर दुपारी, सगळ्यांसमोर. आधी दोन्ही काटे पांढऱ्याने पुसले. बिनकाट्यांची तबकडी बघून खाली एकदम कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, "पानी बंद क्येलं काय?" मग मी लहान काटा खाली ओढला. मग मोठा काटा, तबकडीच्या मध्यापासून वर. नावाच्या जवळ आल्यावर क्षणभर हात थांबला. खाली बघितले. फुलाबाई तोंड वर करून उभी होती. ओढला. मोहनरावांची मधली तीन अक्षरे गेली, दोन्हीकडे एकेक उरले. खालच्या ओळीतले अँड सन्स तर संपूर्ण गेले.

"सहा," भिमा खालून मोठ्याने म्हणाला, आणि कपाळाला हात लावून बसला. आता त्याला भल्या पहाटे उठावे लागणार.

बाया हसत सुटल्या. मीही शिडीवरच हसत सुटलो. सगळे गमावले होते आणि अंगात वारे भरले होते. परीक्षेचा निकाल लागला तेव्हासुद्धा असे वाटले नव्हते.

ता. ११ एप्रिल, इंदापूर रस्ता

मोहनराव सकाळी म्हणाले, चला, उद्या पाडवा, भिंत बघून येऊ. वाटेत मोटारीत सांगून टाकावे म्हणून मी तीनदा तोंड उघडले, पण ते झाले नाही.

मोटारीतून उतरून त्यांनी भिंत बघितली. आधी काही कळले नाही त्यांना. मग चेहरा लाल झाला. "माझं नाव कुठंय?" मी म्हटले, काट्याखाली. त्यांनी छत्री जमिनीवर आपटली. "मी चांगलं सांगितलं होतं तुम्हाला. चांगल्या माणसासारखं सांगितलं होतं." मी मान खाली घातली.

रस्त्याच्या कडेला दोन शेतकरी तंबाखू मळत बसले होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "मग उद्या मोहनरावाला ये. उशीर करू नगंस."

मोहनराव वळले. "कुणाकडे ये म्हणालात?"

"कुनाकडं न्हाय. हितंच, चारीवर. मोहनरावाला."

"मोहनराव कोण?"

त्या माणसाने त्यांच्याकडे दया आल्यासारखे बघितले. "पाव्हनं दिसताय. कोन म्हंजे? सकाळी असतो त्यो. पानी सुटतंय तवा."

आबासाहेब वखारीतून बाहेर आले होते. त्यांनी सांगितले की आठवडाभर गावात हेच चालले आहे. मोहनरावांच्या घड्याळाची वेळ, मग मोहनरावांची वेळ, मग नुसताच मोहनराव. बाया म्हणतात, मोहनरावाच्या आधी दळण आटपते. इंदापूरच्या बाजारातला बागवान म्हणतो, माल मोहनरावाला भरा. "आणि मला रोज पहाटे उठवतात, मोहनराव झाला का बघा म्हणून," आबासाहेब म्हणाले. "मी सांगून टाकलं, आपापली घड्याळं घ्या. उद्या पाडव्याला पाचसहा जण येतायत तुमच्याकडे. मोहनरावाचंच घड्याळ पाहिजे म्हणतात, दुसरं नको."

परतीची मोटार समोरून गेली तरी मोहनरावांनी हात केला नाही. आज वखारीतच राहणार म्हणाले.

ता. १२ एप्रिल, पाडवा

अंधार होता तेव्हाच ते उठून तोंड धुऊन तयार. कोट, टोपी, सगळे. चारीवर माणसे जमली होती. आबासाहेब घड्याळ घेऊन उभे, भिमा दारापाशी जांभया देत. पूर्वेला तांबडे फुटले. आबासाहेबांनी मान हलवली, आणि चारीच्या काठाने हाक पुढे पुढे गेली, एका रानातून दुसऱ्या रानात, पार शेवटच्या टोकापर्यंत: "मोहनराव झालाऽ."

लांबून फुलाबाईचा आवाज आला, झाला, झाला म्हणून. पाणी सुटले.

मोहनराव माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली. डोळे पाण्याने भरले होते आणि ते मला दिसू नयेत म्हणून भिंतीकडे बघत होते. तिथे काळ्या काट्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचे एकेक अक्षर हळूहळू उजेडात येत होते.

मग मिशीला पीळ देऊन ते म्हणाले, "पेंटर, बारामतीच्या भिंतीवर मला किती वाजता काढता?"